ओल्यात की सुक्यात?

‘सर्क्युलर इकॉनॉमी’ हा शब्द मी प्रथम ऐकला तेव्हा मला वाटलं, हा आमच्या बँकेचाच विषय दिसतोय. कारण आमची सगळी इकॉनॉमी सर्क्युलरवरच चालते. हेड ऑफिसकडून एक सर्क्युलर येतं. दुसरं येतं ते पहिल्यात दुरुस्ती करतं. तिसरं दुसऱ्याचा खुलासा करतं आणि चौथं येऊन सांगतं की पहिल्याप्रमाणेच कार्यवाही करावी. वर्तुळ पूर्ण! तेवीस वर्षं मी या वर्तुळाच्या परिघावर खुर्ची टाकून बसलो आहे.

माझा गैरसमज आमच्या कन्येनं दूर केला. ती बारावीला आहे, म्हणजे सध्या घरात तिचाच शब्द शेवटचा.

“बाबा, ते तुमचे कागद नव्हेत. वस्तू बनवायची, वापरायची आणि वापरून झाली की तिच्यातूनच पुन्हा दुसरी वस्तू बनवायची. टाकायचं काहीच नाही.”

“म्हणजे तुझ्या पणजीसारखं,” मी म्हणालो.

यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जगातले सगळे शोध आपल्या आजीनं आधीच लावले होते असं वाटू लागण्याचं वय बाबांना गाठतंय, हे मला स्पष्ट कळलं.

विषय निघाला होता एका पिशवीवरून. मिठाईच्या दुकानात अर्धा किलो पेढे घेतले, तर दुकानदारानं ते एका फिकट हिरव्या पिशवीत घालून दिले. पिशवीवर एक पान छापलेलं आणि खाली मराठीत मजकूर : ‘मी प्लॅस्टिक नाही. मी मातीत मिसळून जाते.’ दिवसभर काउंटरवर लोकांची बोलणी ऐकणाऱ्या माणसाशी एखादी पिशवी इतक्या नम्रपणे बोलली की त्याचं मन द्रवतं. मी दुकानदाराकडे आणखी दोन पिशव्या मागून घेतल्या.

इथंच गोम आहे. २३ जून २०१८ पासून महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवरची बंदी अमलात आली आणि पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड ठरला. तेव्हापासून माझ्या विजारीच्या डाव्या खिशात कापडी पिशवीची घडी कायम असते. जनात म्हणायचं ‘पर्यावरण’, मनात म्हणायचं ‘पाच हजार’. त्या दिवशीही ती घडी खिशात होती. तरी मी एक नव्हे, तीन पिशव्या घेऊन घरी आलो आणि वाटेत मला अजिबात अपराधी वाटलं नाही. उलट काहीतरी सत्कृत्य केल्यासारखं वाटत होतं.

“अहो, पेढे अर्धा किलो आणि पिशव्या तीन?” हिनं दारातच विचारलं.

“त्या विरघळतात.”

“मग काय विरघळवायला आणल्यात?”

प्रश्न साधा होता, पण माझी झोप गेली. जी वस्तू आपोआप नाहीशी होणार आहे, ती टाकण्यात पाप कसलं? आपल्याकडे पाप फेडायचं तर उपास, दान, तीर्थयात्रा असं काही ना काही अंगाला लावून घ्यावं लागतं. इथं पापाबरोबरच प्रायश्चित्त शिवून आलेलं. कर्ज घ्यावं आणि त्या कर्जानं स्वतःच स्वतःचे हप्ते भरावेत, अशी योजना आमच्या बँकेनं काढली तर रांग शनिवारवाड्यापर्यंत जाईल. पण अशी योजना कुणी सांगू लागला की त्याची कागदपत्रं दोनदा तपासावीत, एवढं नोकरीनं मला शिकवलं आहे.

म्हणून मी त्यातली एक पिशवी मुदत ठेवीत टाकली. कन्येनं सांगितलं, कंपोस्टेबल म्हणवणाऱ्या प्लॅस्टिकला एक मानक आहे. १८० दिवसांत त्याचा ९० टक्के भाग विघटित व्हावा लागतो. होळीच्या दुसऱ्या दिवशी मी गच्चीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत पिशवी पुरली आणि आइस्क्रीमच्या काडीवर तारीख लिहून ती वर खोचली. मुदत भरणार होती गणपतीच्या सुमारास.

मुदत चालू असताना ठेवीदाराला काही काम नसतं, म्हणून मी या पिशव्यांचं कूळ शोधू लागलो. पहिलाच धक्का बसला तो दह्याचा. दह्याला आंबट करतं ते लॅक्टिक आम्ल. १७८० साली शेले नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानं ते आंबलेल्या दुधातून वेगळं काढलं. आता मक्याचा स्टार्च किंवा उसाची साखर घ्यायची, ती जिवाणूंना खाऊ घालायची, त्यांनी तिचं लॅक्टिक आम्ल करायचं आणि मग त्या आम्लाच्या रेणूंनी एकमेकांचे हात धरून लांबच लांब साखळी करायची. झालं पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे चक्क प्लॅस्टिक. २०२४ च्या ऑक्टोबरात जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजनं असं प्लॅस्टिक करून दाखवणारं केंद्र सुरू केलं. भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या जेजुरीत आता दह्याच्या गोत्रातलं प्लॅस्टिकही निघतं म्हटल्यावर मला खंडोबाचं आणि रसायनशास्त्राचं, दोघांचंही कौतुक वाटलं.

दुसरी जात तर थेट आमच्या व्यवसायातली निघाली. १९२६ च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मॉरिस लेमॉइन यांना एका जिवाणूच्या पोटात निराळाच पदार्थ सापडला. या जिवाणूला खायला मुबलक मिळालं, पण नत्रासारखी दुसरी एखादी गरज भागेना, की तो वाढणं थांबवतो आणि वरचं अन्न कणाकणानं पेशीत साठवून ठेवतो. पुढे अडचणीचे दिवस आले की तेच मोडून खातो. हे साठवलेले कण म्हणजे अस्सल प्लॅस्टिक! आमच्या शाखेतले पेन्शनर आणि हा जिवाणू यांच्यात मला काहीच फरक दिसेना. फक्त जिवाणू व्याजदर विचारायला दर सोमवारी येत नाही, इतकंच.

आणि मुळात वनस्पतीपासून प्लॅस्टिक हे नवलही नाही. १८७० च्या आसपास अमेरिकेत हायट नावाच्या माणसानं सेल्युलॉइड काढलं ते कापसातल्या सेल्युलोजपासून, कापूर घालून. बिलियर्डच्या चेंडूंसाठी हत्ती मारावे लागत होते, त्यांना पर्याय हवा होता. कापूस आणि कापूर! म्हणजे समईची वात आणि आरतीचं तबक. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ उतरला तो याच कुळातल्या फितीवर. ती फीत इतकी ज्वालाग्राही असे की सत्यवचनी राजाचासुद्धा आगीपुढे इलाज नव्हता.

पण कुळावरून शील ठरत नाही, हे लग्न जमवणाऱ्या कुठल्याही घरात माहीत असतं. ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या अल्कोहोलपासून पॉलिथिन बनवतात. घराणं शुद्ध शाकाहारी, पण पॉलिथिन ते पॉलिथिनच. तेलापासून झालेल्या भावंडाइतकंच चिवट, मातीत गेलं तरी न कुजणारं. उलट कंपोस्टेबल पिशव्यांत सर्रास वापरलं जाणारं एक प्लॅस्टिक खनिज तेलातून येतं, पण योग्य जागी ठेवलं तर निमूटपणे कुजतं. आई-बाप कोण ते एक आणि पोरगं शेवटी काय करतं ते दुसरं. पिशवीवर छापलेलं हिरवं पान यातलं नक्की कशाबद्दल बोलतं, ते मात्र पिशवी सांगत नाही.

‘टाकाऊपासून टिकाऊ’ हे जे आपण शाळेच्या हस्तकलेपासून ऐकतो, त्यातल्या टाकाऊचीही एकदा चौकशी केली पाहिजे. नोकरीतली चार वर्षं मी एका साखर कारखान्याच्या गावी काढली. तिथल्या केमिस्टांना फोन करून म्हटलं, “तुमच्या टाकाऊ चिपाडापासून म्हणे प्लॅस्टिक होणार.”

“टाकाऊ?” ते जवळजवळ ओरडलेच. “साहेब, चिपाड बॉयलरला जातं. त्याच्या वाफेवर कारखाना चालतो, वर वीज विकतो. मळीचं अल्कोहोल होतं. गाळातला चोथा शेतात जातो. आमच्याकडं टाकाऊ म्हणाल तर एकच.”

“काय?”

“तुमच्या बँकेची पत्रं. तीसुद्धा रद्दीवाला नेतो म्हणा.”

पुढे त्यांनी गंभीरपणे सांगितलं की साखरेपासून प्लॅस्टिक सोपं, चिपाडापासून अवघड. चिपाडातल्या सेल्युलोजमध्येही साखर दडलेली असते, पण तिच्याभोवती लिग्निन नावाचा चिवट पदार्थ ठाण मांडून बसलेला असतो. वाटणीच्या कागदावर सही न देणारा काका असतो ना, तसा. त्याची समजूत घालण्यातच सगळा खर्च होतो. म्हणून आज बाजारातलं पॉलिलॅक्टिक आम्ल येतं ते मुख्यतः मक्यातून आणि साखरेतून, म्हणजे खाण्याच्या मालातून.

तात्पर्य, कचरा हा पदार्थ नाही, ते खातं आहे. एकाच्या वहीत जे खर्ची पडतं ते दुसऱ्याच्या वहीत जमा होऊ शकतं. फक्त ती नोंद करणारा कुणीतरी लागतो. आमच्या नोटांचंच घ्या. नोटेचा कागद कापसाचा. ती मळली, फाटली की रिझर्व्ह बँक तिचे बारीक तुकडे करते आणि दाबून विटा पाडते. असे तुकडे वर्षाला सुमारे १५ हजार टन निघतात. ते पार्टिकल बोर्ड बनवणाऱ्यांना देण्याची तयारी चालवल्याचं रिझर्व्ह बँकेनं २०२४-२५ च्या अहवालात सांगितलं आहे. उद्या आमच्या शाखेत त्या बोर्डाची टेबलं आली तर बरंच होईल. ज्या नोटा जन्मभर मोजल्या पण खिशात घालता आल्या नाहीत, त्यांच्यावर निदान कोपर तरी टेकता येईल.

मी हे सगळं थट्टेनं सांगतो आहे, पण हिशेब थट्टेचा नाही. २०१५ पर्यंत माणसानं एकूण ८३० कोटी टन प्लॅस्टिक बनवलं, असा शास्त्रज्ञांनी २०१७ साली मांडलेला अंदाज आहे. त्याचा जो कचरा झाला त्यातला जेमतेम ९ टक्के पुन्हा वापरात आला. वसुली ९ टक्के! आमच्या शाखेची अशी वसुली असती तर मॅनेजरची बदली भामरागडला झाली असती आणि शिपायाचीही चौकशी लागली असती. तेव्हा कुणी जेजुरीत किंवा आणखी कुठं कुजणारं प्लॅस्टिक काढत असेल तर मी त्याला नमस्कारच करीन. माझी शंका त्याच्याबद्दल नाही, माझ्या स्वतःबद्दल आहे.

गणपती आले. आमचा गणपती शाडूचा, विसर्जन गच्चीत बादलीत. रात्री पाण्यात ठेवला, सकाळी तळाशी नुसता मऊ गाळ. तो गाळ तुळशीला घातला आणि शेजारच्या कुंडीतली माझी ठेव मोडायला बसलो.

पिशवी आली. सबंध आली. जरा मळली होती, कडेला दोन भोकं पडली होती आणि व्याज म्हणून चार गांडुळं मिळाली. मजकुरापैकी पहिलं वाक्य स्वच्छ वाचता येत होतं. दुसऱ्यातले ‘मी मातीत’ एवढेच शब्द शिल्लक होते. ते मात्र शंभर टक्के खरे होते.

“बाबा, कुंडीत कसं कुजेल ते?” कन्या म्हणाली. “ती १८० दिवसांची मुदत मोठ्या खतप्रकल्पातली असते. तिथं साठ अंशांच्या आसपास उष्णता असते, ओल, हवा, जंतू सगळं मोजून. तुमच्या कढीपत्त्याला ताप कुठं भरलाय?”

अटी व शर्ती लागू! ज्या व्यवसायानं जगाला बारीक अक्षरं दिली, त्यात तेवीस वर्षं काढून मी ठळक अक्षरांना फसलो. तसा मी एकटा नव्हे. इंग्लंडमध्ये प्लिमथ विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी असाच उद्योग केला होता, अर्थात काडी न खोचता. निरनिराळ्या पिशव्या त्यांनी मातीत पुरल्या आणि समुद्रात सोडल्या. २०१९ साली निष्कर्ष आला. ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणून विकलेली पिशवी तीन वर्षांनीही सामान उचलत होती. कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत गेली, पण मातीत २७ महिन्यांनीही होतीच; फक्त तिच्यात सामान भरलं की फाटत होती. आणि त्याच्याही आधी, २०१५ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या एका अहवालात बजावलं होतं की वस्तूवर ‘विघटनशील’ असं लिहिलं तर लोक ती इकडेतिकडे टाकायला अधिकच धजावतील. हे लिहिणाऱ्यानं मला मिठाईच्या दुकानात पाहिलं असलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरावाल्या मावशी आल्या. आमच्या पुण्यात बऱ्याच भागांत कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करते. २००८ मध्ये ती उभी राहिली. मी उरलेल्या दोन पिशव्यांपैकी एक ऐटीत पुढे केली. “मावशी, ही ओल्यात घाला.”

त्यांनी ती बोटांत चोळून पाहिली. “प्लॅस्टिक हाय की.”

“नाही, नाही. दह्यातल्या आम्लाची आहे.”

सकाळी सात वाजता पुरुषमाणूस असं बोलू लागला तर बाईमाणसानं ज्या नजरेनं बघावं त्या नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, “दादा, ही सुक्यात टाकली तर भंगारवाला म्हणतो ह्याला भाव न्हाई. चांगल्या मालात मिसळली तर त्याचाबी भाव पाडतो. ओल्यात टाकली तर खतवाले म्हणत्यात, पिलाष्टिक का घातलं? ते येगळं काढाया पुन्हा माझेच हात. मग कुठं टाकू सांगा?”

“पण मावशी, यावर लिहिलंय ना…”

“मला वाचाया येत न्हाई. आन् येत असतं तरी दोनशे घरच्या पिशव्या वाचीत बसू का?”

मी पिशवी परत घेतली.

मग मला पुन्हा माझी आजी आठवली. पण कन्येला सांगितली तशी नव्हे. आजीचं लुगडं विरलं की त्याची गोधडी होई, गोधडी फाटली की पायपुसणं, पायपुसण्याचं पोतेरं, आणि पोतेऱ्याचं शेवटी बंबात जळण. दुधाच्या पिशव्या ती धुऊन दोरीवर वाळत घाली आणि गठ्ठा करून रद्दीवाल्याला देई. आमच्या घरात खरंच काही वाया जात नसे. हे मी कौतुकानं सांगतो तेव्हा एक गोष्ट सोयीनं गाळतो. ते वर्तुळ आपोआप फिरत नव्हतं. पहाटे पाचपासून आजी ते हातानं फिरवत होती. आजोबा त्याच्या मधोमध झोपाळ्यावर बसलेले असत.

आणि घरात पहिली प्लॅस्टिकची बादली आली त्या दिवशी याच आजीनं तिला हळदकुंकू वाहिलं होतं, हेही मला आठवतं. जन्मभर लोखंडी बादली ओढून तिचा उजवा खांदा उतरला होता. निळी बादली एका बोटावर झुलवत ती मोरीपासून अंगणापर्यंत नुसतीच दोन खेपा करून आली, रिकामी. “कापसागत आहे गं बाई,” असं आईला म्हणाली. ती बादली अजून आमच्या गच्चीत आहे. कान तुटलेली. यंदाचा गणपती आम्ही तिच्यातच विसर्जन केला. न विरघळणाऱ्या बादलीत विरघळणारा देव. यात कोण बरोबर आणि कोण चूक, हे ठरवायला मला कुणी बसवलं तर मी आजीच्या खांद्याकडे बघून रजेचा अर्ज देईन.

त्या ठेव मोडलेल्या पिशवीचं काय करायचं, हा प्रश्न उरलाच होता. मी ती धुतली, दोरीवर वाळत घातली. हिनं पाहिलं, पण काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. रविवारी तीच घेऊन मंडईत गेलो. प्लिमथच्या शास्त्रज्ञांनी सामान भरून बघितलं, मग मीच का मागे राहू? दोन किलो बटाटे घेतले. भाजीवाली म्हणाली, “काका, दुसरी देऊ का?” मी मानेनंच नको म्हटलं, जरा ताठ मानेनं.

पिशवीनं मंडई पार केली, रस्ताही अर्धा पार केला आणि सिग्नल सुटायच्या नेमक्या क्षणी तिला कुजायचं सुचलं. तळ गेला. दोन किलो बटाटे चहूदिशांना धावले. एक रिक्षा थांबली, एका पोरानं सायकल आडवी घालून पाच-सहा अडवले, एका आजीबाईंनी ‘हा घ्या’ म्हणून एक आणून दिला. मी डाव्या खिशातून कापडी पिशवी काढली आणि एकेक बटाटा तिच्यात भरला. एक कमी भरला, तो बसखाली गेला असावा.

आता हातात त्या पिशवीचं लक्तर होतं. फुटपाथच्या कडेला महापालिकेचे दोन डबे होते, एक हिरवा, एक निळा. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी एकदा हिरव्याकडे पाहिलं, एकदा निळ्याकडे पाहिलं आणि लक्तराची घडी घालून ती उजव्या खिशात ठेवली. अजून तिथंच आहे.